हवेले पाणी दाखवायचं, पाजायचं नाही

दादा, तुझ्या जाण्याची चार ओळींची बातमी आमच्याच पानावर आली. त्या दिवशी मी डेस्कवर नव्हते. बातमीत नाव बरोबर आहे, गाव बरोबर आहे, वय बरोबर आहे. पुढे 'अकोल्यातील कोळशाचे व्यापारी' असं छापलं आहे. दुरुस्तीसाठी आमच्याकडे दुसऱ्या पानावर खाली एक कोपरा राखलेला असतो. मी तिथे काही दिलं नाही. त्या कोपऱ्यात मावेल एवढी ही दुरुस्ती लहान नाही, म्हणून ती आज इथे करते आहे.

तू कोळसा विकत नव्हतास. तू कोळसा आतून पोकळ करून विकत होतास.

हे वाक्य तू वाचलं असतंस तर लगेच फोन आला असता. "पोकळ ढोल असते, बाई. सच्छिद्र लिही." मी म्हटलं असतं, सच्छिद्र म्हटलं की वाचक पान उलटतो. त्यावर तू वाचकाची बाजू घेतली असतीस, कारण तुझ्या मते वाचक नेहमीच माझ्यापेक्षा हुशार असतो. मला इंग्रजी शाळेत घालायचं की नाही या वादातसुद्धा तू शेजाऱ्यांची बाजू घेतली होतीस. घरच्या माणसाशी भांडायची तुझी ही रीतच होती.

वणीकडचा कोळसा ट्रकने तुझ्या एमआयडीसीतल्या शेडवर यायचा. त्यात राख फार, म्हणून तू तो आधी धुऊन घ्यायचास. मग तो दळायचा, डांबर मिसळून मळायचा, आणि आई उन्हाळ्यात कुरडया पाडायची तसा साच्यातून दाबून त्याच्या काड्या पाडायच्या. त्या तोडून भट्टीत हवा लागू न देता भाजायच्या. आणि लाल असतानाच त्यांच्यावर वाफ सोडायची. वाफ कोळशाला आतून कुरतडते आणि कुरतडलेल्या जागी वाटा उरतात. ढिगाचा बराच भाग या कुरतडण्यात हवेत जायचा. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "विकत आणते, धुते, अन् मंग जाळते," ती आल्यागेल्याला सांगायची.

चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्र साधारण हजार चौरस मीटर भरतं, हे तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी दुसरा आधार मागितला. तू पुस्तक दिलं नाहीस. तू गुंठ्यांत हिशेब मांडलास आणि चार काळे तुकडे माझ्या तळहातावर ठेवलेस. "पाव एकर वावर हाय हे. धर नीट." मी त्याचा सातबारा मागितला. तू इतका हसलास की भट्टीवरचे लोक बघायला आले. मी नंतर पुस्तकात पाहिलं. आकडा बरोबर होता. हे तुला सांगायचं राहिलं.

वास धरून ठेवायचं काम या भिंती कशा करतात, हेही तू मला पुस्तकातून सांगितलं नाहीस. आपण लहानपणी कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचो, तिथली गोष्ट सांगितलीस. नदीकडच्या मोकळ्या जागेत माणूस कुठूनही येतो, कुठेही निघून जातो. दुकानांमधल्या बोळात शिरला की दोन्हीकडचे दुकानदार त्याला ओढतात आणि तो तिथेच अडकतो. थिनरच्या वाफेचंही तसंच. मोठ्या वाटेने ती आत शिरते, बोळात पोचते, आणि बोळ जितका अरुंद तितकी दोन्ही भिंतींची ओढ जास्त. ती कोळशात विरघळत नाही, त्याच्याबरोबर जळून राख होत नाही, फक्त भिंतीला चिकटून बसते. नारळाच्या करवंटीचा कार्बन बोळच बोळ असतो. कोळशाच्या कार्बनात मोठे रस्तेही असतात, त्यामुळे वाफ लवकर आत जाते आणि नंतर लवकर बाहेरही काढता येते. "आणि तापलं तर?" मी विचारलं होतं. तू म्हणालास, तापल्यावर यात्रेतला माणूस काय करतो? घरी जायला निघतो.

या एका उत्तरावर पुढचं सगळं घडलं.

इरफानभाईंना वाचक ओळखत नाहीत, म्हणून सांगते. तुझ्या शेडपासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं पाऊच छापायचं मशीन आहे. डाळीची, तिखटाची, शेवेची पाकिटं तिथे छापली जातात. शाई पातळ करायला थिनर लागतं आणि शाई वाळताना ते सगळं हवेत येतं. मशीनजवळ बसून रोल तपासायचं काम शोभाताई आणि आणखी दोघीजणी करतात. शोभाताईंनी तुला पहिल्या भेटीत सांगितलं होतं की संध्याकाळी हाताला वास, केसांना वास, आणि घरी जाऊन थापलेल्या भाकरीलाही वास. डोकं तर रोजचंच.

इरफानभाईंनी आधी भिंतीत पंखा बसवून वास बाहेर सोडला होता. पण भिंतीपलीकडे डाळ मिल आहे. काही दिवसांनी तिथला मालक मूठभर तूरडाळ घेऊन आला आणि इरफानभाईंच्या नाकाखाली धरली. डाळीला थिनरचा वास येत होता. अकोल्यात माणसाच्या डोकेदुखीवर पंचायत बसत नाही, डाळीवर बसते. त्या पंचायतीतून इरफानभाई तुझ्याकडे आले.

तू पिंपाएवढा डबा केलास, त्यात कार्बन भरलास, आणि मशीनवरच्या झाकणातून हवा ओढून त्या डब्यातून सोडलीस. डबा तोलकाट्यावर उभा होता. जसजशी वाफ अडकेल तसतसं वजन वाढेल. वजन वाढायचं थांबलं की डबा भरला. मग तो तुझ्या शेडवर न्यायचा, पाण्याची वाफ देऊन रिकामा करायचा, कोरडा करायचा, पुन्हा आणायचा. सोपी व्यवस्था. तोलकाट्याशिवाय आणखी एक मोजमाप तू नेमलंस. ते म्हणजे मी.

तिथे रोज बसणाऱ्याला वास कळत नाही. नाक थकतं आणि सांगणं बंद करतं. म्हणून तुला बाहेरचं नाक लागायचं. माझ्या सुटीच्या दिवशी मी अमरावतीहून बस धरायची, मूर्तिजापूरला चहा घ्यायचा, अकोल्यात उतरून थेट इरफानभाईंच्या दारात उभं राहायचं आणि वास येतो की नाही ते सांगायचं. घरी जाऊन हातपाय धुवायचीही परवानगी नव्हती. वहिनी म्हणायच्या, नणंद येते की इन्स्पेक्टर, काही कळत नाही. मी दार ओलांडून 'काही नाही' म्हटलं की तुझा चेहरा बदलायचा. माझ्या कुठल्याही बातमीने तो तसा बदलला नाही.

गेल्या मेमध्ये तू इरफानभाईंना सांगितलंस की उन्हात कार्बन कमी धरतो, तापला की धरलेलंही सोडतो. त्यांनी ते मनावर घेतलं. वऱ्हाडात जे तापतं त्याला कूलर लावतात. बाळंतिणीला लावतात, दुकानातल्या कॉम्प्युटरला लावतात, वरातीच्या घोड्यालाही लावलेला मी पाहिला आहे. इरफानभाईंनी नवा कूलर आणला, गवताची जाळी भिजवली, आणि त्याचं तोंड डब्यात हवा जाते त्या नळीला लावलं. बायकांसाठी हॉलमध्ये एक कूलर होताच. हा खास डब्यासाठी.

तोलकाटा भराभर चढू लागला. इरफानभाईंचा तुला आनंदाने फोन आला. "साब, डब्बा उन्हाळ्यात जास्तच खाऊन राहिला. येऊन वजन तं पाहा." तूही खूश झालास. मला फोन करून म्हणालास की गरीब बिचाऱ्या कूलरने पुस्तक खोटं पाडलं. दुसरा आधार काय, हे मी नेहमी विचारते तसं या वेळी विचारलं नाही. मी बसमध्ये बसले.

दारातच वास आला. मी सांगितलं. शोभाताई म्हणाल्या, "आमाले तं काही नाही येऊन राहिला, ताई." तू माझ्याकडे पाहिलंस, त्यांच्याकडे पाहिलंस, आणि डब्यातून मूठभर कार्बन काढून शेडवर आणलास. उघड्या आगीजवळ नाही, एका भांड्यात घालून ते भांडं गरम वाळूत ठेवलंस आणि वर थंड स्टीलचं ताट झाकलंस. ताटाच्या पाठीला थेंब जमले. तू बोट लावून वास घेतलास आणि ताट माझ्यापुढे धरलंस. थेंबांना जवळपास काहीच वास नव्हता. ते पाणी होतं. तोलकाटा खोटं बोलला नव्हता, डबा खरंच भरला होता. बोळ कूलरच्या पाण्याने भरले होते आणि थिनरला बसायला जागा उरली नव्हती.

इरफानभाई म्हणाले, "मी त्याले थंडी देल्ली, साब. पाणी कुठं देल्लं?"

तू त्यांना रागावला नाहीस. चूक प्रेमाची आहे, म्हणालास. डब्याचा कूलर काढलास, आणि मग हॉलमधलाही बंद करायला सांगितलास, कारण त्याची ओली हवा फिरून त्याच झाकणात शिरत होती. दारावर खडूने 'कूलर बंद' असं लिहिलंस. शोभाताईंनी ओल्या फडक्याने ते पुसलं. तुझ्यासमोर.

"भाऊ, तुमचा डबा कोयशाचा हाय, तो सोसते. आमी कोयशाच्या नाही."

त्या दिवशी बसस्टँडवर आपलं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही, म्हणून तुझी बाजूही इथे नीट नोंदवते. तुझं म्हणणं होतं की उकाडा कळतो म्हणून माणूस त्यावर ओरडतो, आणि थिनर कळेनासं होतं म्हणून त्यावर गप्प बसतो. "नाक थकते, थिनर थकत नाही." जे कळत नाही त्याच्यापासून वाचवणं हेच तुझं काम. माझं म्हणणं होतं की पंचेचाळीस डिग्रीत बसलेल्या बाईला तू हे सांगू शकत नाहीस. आधी ती काय सांगून राहिली ते ऐक. "तू बसून पाह्य एक दिवस," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू बसलास. कूलर बंद, दुपारभर, शोभाताईंच्या शेजारी, रोल तपासत. हे मला तू सांगितलं नाहीस, वहिनींनी सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा तू फक्त एवढंच म्हणालास की वाद चालू आहे, पण दुपारची पाळी तू बंद करायला सांगितली आहेस. कूलर नाही तर काम नाही, आणि कूलर असेल तर डबा चालणार नाही. मधला मार्ग तुला सापडला नव्हता.

तो उन्हाळा असाच गेला. शोभाताईंचं घर दुपारच्या पाळीवर चालतं. त्या जेमतेम निभावल्या. इरफानभाईंनी तुला सरळ सांगितलं की पुढच्या मेमध्येही दुपार बंद राहिली तर गिऱ्हाईक नागपूरला जाईल आणि मशीन विकावं लागेल. तू त्यांना शब्द दिलास. कशाच्या जोरावर, ते तुलाही माहीत नव्हतं.

थंडीत एका संध्याकाळी तुझा फोन आला. आवाजावरून कळलं की सापडलं. वणीहून आलेल्या ट्रकच्या आरशाला ड्रायव्हरने छागल टांगली होती, जाड कापडाची, आपल्या मामांकडे असायची तशी. तू त्यातलं पाणी प्यालास आणि तिथेच उभा राहिलास. बाहेरचं कापड ओलं, वारा लागून गार. आतलं पाणी त्यामुळे गार. ओल बाहेर राहते, गारवा आत जातो. डब्यात जाणाऱ्या हवेचं तसंच करायचं. लांब पत्र्याची नळी भिंतीच्या बाहेरून फिरवायची, तिच्यावर बारदान गुंडाळायचं, बारदानावर कूलरच्या पंपाने पाणी सोडायचं. मशीनच्या शाई वाळवणाऱ्या ड्रायरला बाहेरची कोरडी हवा वेगळ्या नळीने द्यायची आणि झाकण घट्ट करायचं, म्हणजे बायकांच्या कूलरची ओली हवा आत शिरणार नाही. कूलर बायकांचा, गारवा दोघांचा.

"हवेले पाणी दाखवायचं, पाजायचं नाही," तू म्हणालास. हे वाक्य तुला फार आवडलं होतं. बातमीचा मथळा म्हणून मला देऊही केलंस.

मी म्हटलं, आधी करून दाखव. मग छापते.

"तू तं भाऊ मेला तरी दोन जागी विचारशीन, अन् मंग छापशीन."

आपण दोघंही हसलो.

थंडी सरत आली असताना एका सकाळी वहिनींचा फोन आला. त्या स्पष्ट बोलल्या, एकदाच बोलल्या. मी फोन ठेवला आणि इरफानभाईंना लावला. म्हणजे खरंच दुसऱ्या जागी विचारलं. ते काही बोलू शकले नाहीत, त्यावरून पक्कं झालं. याबद्दल मला पश्चात्ताप नाही. तू असतास तर तुलाही हीच रीत मान्य असती. फक्त त्या दोन फोनांमधल्या क्षणी माझ्यासाठी तू अजून गेलेला नव्हतास, आणि तो क्षण मला मिळाला, एवढं सांगते.

तुझ्या तेराव्याला शोभाताई आल्या. जेवणं झाल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आता मे महिन्यात कसं, ताई? भाऊनं काही सांगून ठेवलं काय?" मी त्यांना तुझं ते वाक्य सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. वहिनी पलीकडे होत्या. त्या उठून आल्या आणि म्हणाल्या की नळीसाठी पत्रा शेडवर येऊन पडला आहे, तू मागवला होतास. भट्टी आता त्याच सांभाळतात. लोकांना वाटलं होतं त्या विकतील. त्यांनी एकाला विचारलं, "काहून? भट्टीनं काय केलं?"

गेल्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूरला चहा घेतला. उतरून थेट इरफानभाईंच्या दारात गेले, हातपाय न धुता. ऊन तू म्हणायचास तसं होतं, सावलीलाही सावली हवी असं. दुपारची पाळी चालू होती. दारावर खडूने 'कूलर चालू' लिहिलेलं होतं, शोभाताईंच्या अक्षरात. त्या कूलरच्या झोतात बसून रोल तपासत होत्या. भिंतीच्या बाहेरून बारदान गुंडाळलेली नळी गेली आहे, तिच्यावर पाणी ठिबकतं, खाली चिमण्या जमतात. नळीची लांबी तू सांगितलेली नव्हती. पहिल्यांदा आखूड झाली, हवा गार होईना. इरफानभाईंनी आणि वहिनींनी ती भिंतीला एक वळसा जास्त घालून वाढवली. ही दुरुस्ती त्यांची आहे, तुझी नाही, हे नोंदवते.

मी दार ओलांडलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला पहिल्यांदाच कळलं की तू दर वेळी काय पणाला लावून तिथे उभा राहायचास. मशीनजवळ वाकले तेव्हा शाईचा वास आला, तेवढा यायचाच. दाराशी नव्हता. डब्यातून बाहेर येणाऱ्या हवेशी नाक नेलं. तिथेही नव्हता.

"बोला ना, ताई," शोभाताई म्हणाल्या.

मी म्हटलं, काही नाही. पण अजून एका जागी विचारायचं आहे.

वहिनींनी शेडवरून तापलेली वाळू तिथे आणून ठेवलीच होती. मूठभर कार्बन, वर थंड ताट. थेंब जमले. वहिनींनी ताट उचलून आधी माझ्यापुढे धरलं. डोळ्यांत पाणी येईल इतका थिनरचा वास आला. डब्यात जे अडकायला हवं तेच अडकलं होतं. ताट एकेकाच्या हातातून फिरलं. इरफानभाईंनी वास घेतला आणि ताट पुढे सरकवलं. शोभाताईंनी घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "एवढं आमी श्वासात घेत होतो?" तुझा मुद्दा तुझ्यामागे त्यांनी मान्य केला. माझा मुद्दा, म्हणजे तो कूलर, त्यांच्या शेजारी भर दुपारी फिरत होता. वाद बरोबरीत आहे, असं तू म्हणाला असतास. मी मानलं नसतं.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. माझी कुठलीही बातमी वाचून तू एकच प्रश्न विचारायचास: "यातलं किती तू पाह्यलं?" मला तो अपमान वाटायचा. आज डेस्कवर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तोच विचारते, जवळपास तुझ्याच सुरात. कुठून शिकले, ते त्यांना सांगत नाही. आता कळेल.

दादा, वरचं बहुतेक मी पाहिलं आहे. उरलेलं दोन जागी विचारलं आहे. मथळा तुझाच ठेवला आहे.

छापते.